मागे राहिलेल्यांचं महाकाव्य

किर्गिझस्तानात मनासला, म्हणजे त्याच नावाच्या महाकाव्याच्या नायकाला, टाळून कुठे जाता येत नाही. बिश्केकचा विमानतळ त्याच्या नावाचा, एक मोठं विद्यापीठ त्याच्या नावाचं, आणि शहरात फिलहार्मोनिकसमोर तो स्वतः घोड्यावर, घोड्याच्या टापांखाली ड्रॅगन. पण खिशातली ५०० सोमची नोट काढली की तिच्यावर दिसतो तो एक गायक. सायाकबाय करालायेव. इस्सिक-कुल सरोवराकडचा हा माणूस मनासची कथा गायचा. गाणाऱ्याचा चेहरा नोटेवर छापणाऱ्या या देशाबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटत आलाय. मला लिहायचंय ते या नोटेवरच्या माणसाबद्दल, त्याच्यासारख्या इतरांबद्दल, आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपलेल्या एका बाईबद्दल.

तिचं नाव कानिकेय. आधी मनासची बायको, आणि मग कितीतरी जास्त काळ मनासची विधवा.

गोष्ट थोडक्यात अशी. किर्गिझ टोळ्या शत्रूने उधळून लावलेल्या आहेत, कोण कुठे फेकलं गेलंय याचा पत्ता नाही. अल्ताय पर्वतात हद्दपार होऊन राहिलेल्या जाकिप आणि चियिर्दी या म्हाताऱ्या जोडप्याला उतारवयात मुलगा होतो. तो जन्मतो तेव्हा त्याच्या मुठीत रक्ताची गुठळी असते. हाच मनास. मोठा होऊन तो विखुरलेल्या टोळ्या एकत्र करतो, त्यांना पुन्हा आपल्या डोंगरात आणतो, तलासच्या खोऱ्यात ठाण मांडतो. त्याच्याभोवती चाळीस साथीदार जमतात. त्यातला अल्माम्बेत तर शत्रूच्या गोटातून आलेला, चिनी राजघराण्यातला, आणि तरी मनासचा दूधभाऊ झालेला. मग शत्रूची राजधानी बेजिनवरची महामोहीम, शत्रूपक्षाच्या कोन्गुरबायच्या परशूचा घाव, आणि मनासचा मृत्यू. लढाया, घोडे, शस्त्रं, पैजा, मेजवान्या, सगळं यात आहे आणि सगळं भव्य आहे. अक्कुला नावाचा त्याचा घोडा एखाद्या माणसाइतका ठसठशीत आहे.

पण मनास मेला म्हणून कथा थांबत नाही. ती तीन पिढ्यांची आहे: मनास, त्याचा मुलगा सेमेतेय, नातू सेयतेक. गायक या तिन्ही भागांची मिळून एकच कथा मानतात. म्हणजे ज्याच्या नावाने हे सगळं ओळखलं जातं तो नायक पहिल्या भागाच्या शेवटी जातो, आणि पुढचे दोन्ही भाग तो गेल्यानंतर काय झालं याचे आहेत. ही रचना मला विलक्षण वाटते. वीर पडला, आता घरात कोण उरलं? तान्हं मूल, तरुण विधवा, म्हातारी सासू, आणि एक वृद्ध सल्लागार, बाकाय. यांच्या जोरावर पुढचा सगळा गाडा ओढला जातो.

आणि संकट बाहेरून येत नाही, घरातूनच येतं. मनासचा बाप जाकिप आणि सावत्र भाऊ आबिके नि कोबोश सत्ता बळकावतात. कानिकेयने आता दिराशी लग्न करावं असा हट्ट धरतात. ती नकार देते. लहानग्या सेमेतेयच्या जिवावर उठलेत हे कळल्यावर ती सासूला आणि बाळाला घेऊन तलास सोडते. जायचं कुठे? तर बुखाऱ्याला, माहेरी. कानिकेय बुखाऱ्याच्या तेमिर खानाची मुलगी. एका राणीने पोराला उराशी धरून, म्हाताऱ्या सासूचा हात धरून, वाळवंटातून चालत माहेरी जायचं, हा सेमेतेय भागाचा आरंभ आहे. चियिर्दी आणि कानिकेय या सासू-सुनेचं नातं किती जिव्हाळ्याने रंगवलंय म्हणून सांगू! दोघींचा माणूस एकच, एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा, आणि दोघींना त्याचं रडू एकमेकींपासून लपवायचंय, कारण कडेवर मूल आहे.

माहेरीही तिला आपलं दुःख मोकळं करता येत नाही. सेमेतेय तिच्या भावाचा, इस्माइलचा मुलगा म्हणून वाढतो. आपला बाप मनास होता हे त्याला ठाऊक नाही. समोर वावरणारी ही बाई आपली आई आहे हेही त्याला ठाऊक नाही. ती रोज त्याला बघते आणि गप्प राहते.

मग येते ती तायतोरूची शर्यत.

तेमिर खान घोड्यांची शर्यत लावतो. मुलगा आता बारा वर्षांचा झालाय. कानिकेय ठरवते की तायतोरूला उतरवायचं. तलासच्या दिवसांपासूनचा, आता उतरणीला लागलेला हा घोडा. तिने मनाशी कौल लावलाय: हा घोडा पहिला आला तर माझ्या सेमेतेयचं दैव उघडेल, तो तलासला परत जाईल, बापाची गादी मिळवील. नाही आला तर सगळं संपलं. आणि हा घोडा ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. पुरुषाचा वेश करून स्वतः स्वार होते.

शर्यत लांब पल्ल्याची असते. घोडे आधी दूर नेतात आणि तिथून सोडतात. सुरुवातीला तायतोरू मागेच आहे. जुना घोडा, अंग तापायला वेळ लागतो. कानिकेय त्याला मारते, मग चुचकारते, मग त्याच्याशी बोलायला लागते. एकेक घोडा मागे टाकत जाते. पण शेवटच्या टप्प्यात घोड्याचा दम संपत येतो, आणि तेव्हा ती हाका मारते. मेलेल्यांना. मनासला हाक मारते, अल्माम्बेतला हाक मारते, त्या चाळिसांना हाक मारते. ते येतात. धुळीच्या लोटातून ते सगळे घोड्याच्या दोन्ही बाजूंनी धावतात आणि तायतोरूला ओढून पुढे काढतात. जमलेल्या गर्दीला ते दिसत नाहीत. तिलाच दिसतात.

हा प्रसंग मी पहिल्यांदा ऐकला तो इस्सिक-कुलच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात, एका घराच्या स्वयंपाकघरात. माझी भाची बिश्केकला डॉक्टरकी शिकते. महाराष्ट्रातली बरीच मुलं हल्ली तिकडे जातात. तिला भेटायला गेले तेव्हा आम्ही दोघी सरोवराकडे फिरायला गेलो आणि एका घरात उतरलो. घरमालकीण पन्नाशीच्या पुढची. भाची तिला ‘एजे’ म्हणायची, आपण ताई म्हणतो तसं. त्या दिवशी गुरुवार होता आणि एजे बोर्सोक तळत होत्या. बोर्सोक म्हणजे आंबवलेल्या पिठाचे छोटे चौकोनी तुकडे, गरम तेलात टाकले की टम्म फुगतात. मला वाटलं पाहुण्यांसाठी चाललंय. तर त्यांनी सांगितलं की शुक्रवारच्या आदल्या दिवशी असं काहीतरी तळायचं असतं. तेलाचा वास वर जातो, आणि घरातल्या गेलेल्या माणसांना तो पोचतो. वास पोचला की त्यांना कळतं, आपली आठवण काढताहेत.

तळता तळता त्यांनी ओट्यावर ठेवलेल्या फोनवर सायाकबायचं जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं. आवाज थोडा खरखरीत. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण लय अंगावर येत होती. मनासच्या ओळी सात-आठ अक्षरांच्या, छोट्या, आणि एकच यमक ओळींमागून ओळी चालत राहतं. ओळीच्या सुरुवातीलाही सारखी अक्षरं येतात. वाद्य नाही. किर्गिझांकडे कोमुझ नावाचं तीन तारांचं सुरेख वाद्य आहे, इतर कितीतरी गाणी त्यावर गातात, पण मनास गाणारा, ज्याला तिकडे ‘मनासची’ म्हणतात, तो हातात काही घेत नाही. मांडी घालून नाहीतर गुडघे मुडपून बसतो, दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांनीच घोडे दौडवतो, धनुष्य ओढतो, डोळे पुसतो. कथन भरधाव, सपाट्याने. विलाप आला की सूर लांबतो, खाली बसतो.

एका जागी एजेंचा झारा थांबला. त्यांनी गॅस बारीक केला. भाचीला रशियनमध्ये काहीतरी म्हणाल्या, भाचीने मला मराठीत सांगितलं: "आता ती त्यांना बोलावतेय." ओट्याशी उभ्याउभ्याच एजे ओळी ओठांत म्हणत होत्या, डोळे भरलेले होते, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटत नव्हती. कढईतला वास मेलेल्यांसाठी, आणि फोनमध्ये एक बाई मेलेल्यांना मदतीला बोलावतेय. हे जुळवून आणलेलं नव्हतं. त्यांच्याकडे हे रोजच्या जगण्यातच एकत्र असतं.

तेव्हापासून माझी समजूत अशी झाली आहे की मनास हे किर्गिझांनी विजयाचं काव्य म्हणून जपलेलं नाही. मागे राहिलेल्या माणसांनी काय करायचं असतं, ते यात आहे. मुलाला वाढवायचं. नाव पुसू द्यायचं नाही. वेळ आली की मेलेल्यांना हाक मारायची. आणि हे काव्य आपल्यापर्यंत ज्यांनी आणलं, त्या गायकांची आणि लिहून घेणाऱ्यांची आयुष्यं पाहिली तर तीही कानिकेयच्याच वळणाची निघतात.

सायाकबायचंच घ्या. जन्म १८९४चा. लहानपणी आजीकडून कथा ऐकल्या. १९१६मध्ये झारने मध्य आशियातल्या पुरुषांना महायुद्धाच्या पिछाडीला मजुरीसाठी नेण्याचं फर्मान काढलं. लोक उठले. बंड चिरडलं गेलं आणि किर्गिझ कुटुंबंच्या कुटुंबं तिएन-शानच्या बर्फाळ खिंडींमधून चीनकडे पळाली. वाटेत थंडीने, भुकेने, गोळ्यांनी हजारो मेले. किर्गिझ या काळाला ‘उर्कुन’ म्हणतात. तेव्हा बाविशीत असलेला सायाकबायही त्या लोंढ्यात होता. पुढे परतला, लाल सैन्यात गेला, मग गायक म्हणून नावारूपाला आला. सासू आणि बाळ घेऊन रानोमाळ निघालेली कानिकेय तो जेव्हा गायचा, तेव्हा समोर बसलेल्यांतल्या कितीजणांनी तसा प्रवास स्वतः केलेला असेल, याचा विचार करा. त्याने या भागाला इतका जीव का लावला असावा, ते मला इथे समजतं. ‘मनासची’ होण्यासाठी दृष्टांत व्हावा लागतो असं किर्गिझ मानतात. स्वप्नात मनास किंवा त्याच्या साथीदारांपैकी कुणी येतं, काही खायला देतं, आणि जागा झाल्यावर माणूस गाऊ लागतो. सायाकबायबद्दल जी कथा सांगतात तिच्यात एक काळा खडक पांढरा तंबू होतो आणि आत कानिकेय त्याला खाऊ घालते.

किर्गिझ कादंबरीकार चिंगिज ऐत्मातोव सायाकबायला विसाव्या शतकातला होमर म्हणायचे. उघड्यावर गाणं चालू असताना पाऊस आला आणि श्रोते हललेच नाहीत, असा त्यांनी सांगितलेला प्रसंग तिकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याकडून लिहून घेतलेली तिन्ही भागांची संहिता ५,००,५५३ ओळींची आहे. इलियड आणि ओडिसी मिळून अठ्ठावीस हजारांच्या आत आहेत, आणि आपलं महाभारत एक लाख श्लोकांचं धरलं तर दोन लाख ओळींचं. हे आकडे लोक फार कौतुकाने सांगतात. सांगू देत. पण हे काव्य वाढतं कसं, ते मला आकड्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

ते पहिल्यांदा नीट टिपलं विल्हेल्म रादलोवने. बर्लिनमध्ये जन्मलेला, रशियाच्या नोकरीत सायबेरियात शिकवणारा हा भाषापंडित १८६२ आणि १८६९मध्ये किर्गिझांमध्ये फिरला, आणि १८८५मध्ये त्याने या संहिता छापल्या. त्याच्याआधी, १८५६मध्ये, चोकान वलिखानोव या कझाक अधिकाऱ्याने मनासमधला कोकोतोय खानाच्या श्राद्धाच्या मेजवानीचा भाग लिहून घेतला होता. ते हस्तलिखित पुढे हरवलं आणि १९६४मध्ये लेनिनग्राडच्या दफ्तरात सापडलं. रादलोवला एका गायकाने सांगितलं की मी एकही गाणं शिकलेलो नाही, देवाने हे माझ्या काळजात घातलंय, शब्द शोधायला लागत नाहीत, ते आतून येतात. रादलोवच्या लक्षात आलं की गायकाकडे प्रसंगांचे तयार घटक असतात: वीराचा जन्म, शस्त्रांचं वर्णन, घोड्यांची तयारी, मेजवानी, शत्रूची ललकारी, विलाप. समोर कोण बसलंय ते बघून तो ते जोडतो, लांबवतो, आटोपतो. श्रीमंत बसले असतील तर त्यांच्या कुळाचं गुणगान, गरीब असतील तर बड्यांच्या मस्तीवर चार टोले. एकदा गाणं ऐकता ऐकता एक सरदार उठला, अंगावरचा रेशमी झगा काढला आणि गायकाकडे फेकला, हे रादलोवने स्वतः पाहिलंय. पुढे मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने होमरची काव्यं कशी रचली गेली हे कोडं सोडवायला घेतलं, तेव्हा त्याला रादलोवच्या या निरीक्षणांचा आधार मिळाला. इस्सिक-कुलकडच्या निरक्षर गायकांनी युरोपला त्याचा स्वतःचा आद्य कवी वाचायला शिकवलं, असं म्हटलं तर ते खरंच आहे.

त्याच रादलोवला आलेली एक अडचण मला महत्त्वाची वाटते. लिहून घ्यायचं म्हणजे गायकाने थांबत थांबत सांगायचं. थांबला की धागा सुटतो. शिवाय रादलोव सरकारी माणूस समजून त्याला खूश करायला एका गायकाने मनासला गोऱ्या झारचा मित्रच करून टाकलं होतं! म्हणजे कागदावर जे उतरतं त्यात समोर वही घेऊन बसलेल्याचाही वाटा असतो.

आता सागिम्बाय ओरोझबाकोवकडे येऊ. जन्म १८६७. सायाकबायच्या आधीच्या पिढीतला, आणि अनेक जाणकारांच्या मते सर्वांत थोर. १९२२मध्ये कायुम मिफ्ताकोव या शिक्षकाने पुढाकार घेतला आणि त्याची कथा लिहून घ्यायचं काम सुरू झालं. प्रत्यक्ष लिहिण्याचा मोठा भार उचलला इब्राईम अब्दिरखमानोवने. १९२६पर्यंत हे चाललं. नुकतीच क्रांती होऊन गेलेली, देश उपाशी, कागद मिळण्याची मारामार. एक जण बोलतो आहे, दुसरा अरबी लिपीत भराभर लिहितो आहे. सुमारे १,८०,००० ओळी झाल्या. आणि त्या फक्त पहिल्या भागाच्या, मनासच्या मृत्यूपर्यंतच्या. मधल्या काळात सागिम्बायची प्रकृती ढासळत गेली. सेमेतेय राहिला, सेयतेक राहिला. १९३०मध्ये तो वारला.

म्हणजे सागिम्बायची कानिकेय बुखाऱ्याला कशी पोचली, त्याचा तायतोरू कसा धावला, हे आता कुणालाच कळणार नाही. मला या गोष्टीचं अतोनात वाईट वाटतं. दुसऱ्या गायकांचा सेमेतेय आहे, पण सागिम्बायचा नाही. एका माणसाबरोबर एक अख्खा ग्रंथ गेला. इब्राईमचं नाव आपल्याला कुठे दिसत नाही, पण तो वही घेऊन बसला नसता तर पहिला भागही गेला असता.

लिहून झालं म्हणजे सुटलं असंही नाही. स्टालिनच्या काळात मनासवरच वहीम आला. हे काव्य खान-सरदारांचं, धर्माचं, शेजाऱ्यांविरुद्ध चिथावणारं. हे लोकांचं म्हणायचं तरी का? १९५०मध्ये साहित्याचे अभ्यासक ताशिम बायजियेव, झियाश बेक्तेनोव आणि ताझाबेक सामांचिन यांना अटक झाली. बायजियेव १९५२मध्ये कारागांदाच्या कैद्यांच्या छावणीत मेले. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रुंझेला, म्हणजे आजच्या बिश्केकला, एक मोठी परिषद भरली. विषय एकच: मनास लोकांचा आहे की नाही. कझाक लेखक मुख्तार औएझोव यांनी त्याच्या बाजूने ठामपणे बोलण्याचं धाडस केलं. काव्य वाचलं. १९५८ ते १९६०मध्ये चार खंडांची आवृत्ती निघाली, पण ती वेगवेगळ्या गायकांकडचं निवडून, काटछाट करून जुळवलेली होती. तीही लोकांनी घरोघरी ठेवली. निदान नाव तरी पुसलं गेलं नाही.

सरहद्दीपलीकडे चीनमध्ये, शिनच्यांगच्या किझिलसू भागात, जुसुप मामाय होता. जन्म १९१८चा. त्याचा थोरला भाऊ बालबाय गावोगाव हिंडून मनासच्या वह्या गोळा करायचा, गायकांकडून उतरवून घ्यायचा. घरी आणून त्या तो धाकट्याकडून पाठ करून घ्यायचा. आठव्या वर्षी सुरू केलेलं पाठांतर जुसुपने सोळाव्या वर्षापर्यंत पुरं केलं. पुढे भाऊ तुरुंगात मेला. वह्याही हरवल्या. राहिलं ते धाकट्या भावाच्या डोक्यात. साठच्या दशकात अभ्यासकांनी त्याच्याकडून ते लिहून घेतलं, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत तेही बरंचसं नाहीसं झालं. जुसुपच्या वाट्याला मजुरी आली. १९७९मध्ये त्याला बीजिंगला बोलावलं गेलं आणि तो पुन्हा पहिल्यापासून बसला. मनासपासून आठ पिढ्यांची कथा त्याने सांगितली, सुमारे २,३०,००० ओळी. ती १९८४ ते १९९५मध्ये अठरा खंडांत छापली गेली. २०१४मध्ये तो गेला. शत्रूची राजधानी म्हणून ज्या बेजिनवर, म्हणजे बीजिंगवर, मनास चालून जातो, तिथेच बसून जुसुपने मनास वाचवला.

रादलोवच्या नियमात जुसुप बसत नाही. तो वहीवरून शिकला, पाठ केलं, तोंडी जुळवलेलं नाही. म्हणून काही अभ्यासक त्याला सागिम्बाय-सायाकबायच्या ओळीत ठेवायला कचरतात. मला ही कुरकुर पटत नाही. भाऊ गेल्यावर त्याच्या वह्यांतलं अक्षर न्‌ अक्षर जपणं, हे सेमेतेयला गुपचूप वाढवण्यासारखंच काम आहे.

किर्गिझ स्वतंत्र झाल्यावर १९९५मध्ये मनासची सहस्राब्दी थाटात साजरी झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यासाठी ठराव केला होता. युनेस्कोच्या यादीत २००९मध्ये चीनने मनासची नोंद करवून घेतली तेव्हा किर्गिझस्तानात अस्वस्थता पसरली, २०११मध्ये मनासबद्दल खास कायदा झाला, आणि २०१३मध्ये मनास, सेमेतेय, सेयतेक ही त्रयी किर्गिझस्तानच्या नावाने नोंदली गेली. नवं राष्ट्र आपला आधार शोधत होतं, ते मी समजू शकते. पण पुतळा घोड्यावरच्या मनासचा होतो. वाळवंटातून चालणाऱ्या कानिकेयचा पुतळा शहराच्या मधोमध उभा करावा असं सरकारांना सहसा सुचत नाही.

तलासजवळ मनासचा मकबरा दाखवतात. छोटासा, विटांचा, टोकदार घुमटाचा. बांधकाम १३३४चं. दर्शनी भागावरच्या लेखात मात्र मनासचं नाव नाही. केनिझेक-खातून या अमीर आबुकाच्या मुलीचं आहे. इतिहासाच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटतो. किर्गिझ काय सांगतात? हे कानिकेयने मुद्दाम कोरवलं. शत्रूने येऊन थडगं उकरू नये म्हणून नवऱ्याच्या कबरीवर तिने दुसऱ्याच बाईचं नाव घातलं. मला ही दंतकथा त्या कोरीव लेखाइतकीच मोलाची वाटते. कथेतल्या बाईचा स्वभाव लोकांना इतका पक्का ठाऊक आहे की एका अनोळखी राजकन्येच्या कबरीवरही त्यांनी तो लगेच ओळखला. गायकसुद्धा सुरुवातीलाच सांगून टाकतात की यातलं अर्धं खोटं, अर्धं खरं, हे लोकांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. त्या काळी तिथे उभा असलेला कुणी आज नाही, असंही ते म्हणतात. पण ही तुमच्या वाडवडिलांची गोष्ट आहे, तर सुरू केल्याशिवाय कसं चालेल?

आणि ते सुरू होतंच. आज रिसबाय इसाकोव, दोओलोत सिदिकोव यांच्यासारखे गायक आहेत. तालान्ताली बाकचियेव स्वतः गातातही आणि अभ्यासही करतात. शाळेतली मुलं स्पर्धांत मनास म्हणतात. काहींचं नुसतं पाठांतर असतं, हात ठरावीक जागी उठतात. पण अधूनमधून एखादं पोर मध्येच सुटतं, पाठ केलेलं मागे पडतं, आणि ओळी आतून यायला लागतात. तो क्षण समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना आधी कळतो. ते पुढे सरकून बसतात.

मराठीत हे सगळं यायला हवं असं मला फार वाटतं, आणि इंग्रजीच्या आडून नव्हे. बिश्केकला शिकणाऱ्या आपल्या मुलांना कामापुरती रशियन येते, थोडीफार किर्गिझही कानावर असते. त्यांच्यापैकी एखाद्याने एखाद्या ‘मनासची’शेजारी बसून हे करायला काय हरकत आहे? अर्धा दशलक्ष ओळी कुणी मागत नाही. सुरुवात तायतोरूच्या शर्यतीपासून करावी. छोट्या ओळी, लांबच लांब यमक, धाव आणि विलाप एकाच दमात, हे मराठीला जड नाही. जात्यावरच्या ओवीत सासुरवाशिणीने माहेरच्या वाटेबद्दल जे म्हणून ठेवलंय, त्या भाषेत बुखाऱ्याची वाट सांगता येईल. भाचीशी बोलले आहे. परीक्षा संपल्यावर ती एजेंकडे पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवत थांबवत, एकेक ओळ त्यांच्याकडून समजून घेणार आहे.